अफीना

रात्रीचे तीन. लाह्तीच्या अलीकडचा पेट्रोलपंप.
उणे चौदा.
आम्ही सात-आठ जण, एकमेकांना अनोळखी,
प्रत्येकाच्या हातात कोरा करकरीत पट्टा,
एकाच्या पट्ट्याला तर किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली,
आणि पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

कुणी कुणाशी बोलत नाही. आमच्याकडे तशी रीतच नाही.
आउलिस म्हणाला होता, "इथे कुत्री काय कमी आहेत?"
मग एक वाजता उठून त्यानेच थर्मास भरला,
माझ्यासाठी म्हणे.
पिशवीत पेले मात्र दोन निघाले.

व्हॅन तीन दिवस चाललेली. बाकाऊहून हंगेरी,
स्लोव्हाकिया, पोलंड, पुढे आणखी कुठून कुठून,
शेवटी समुद्र, बोटीच्या पोटात.
त्याआधी बारा आठवडे वाढणं, मग एक सुई,
सुईनंतर एकवीस दिवस नुसतं थांबणं,
जंताचं औषध तास मोजून,
आणि एक निळी वही, शिक्क्यांनी भरलेली.
माझी आई दहा वर्षांची असताना कारेलिया सोडून आली,
तिच्याजवळ एक गाय होती.
कागद एकही नव्हता.

फोटोत ही ओंजळीत मावत होती.
पिंजऱ्यात दिसले ते आधी नुसते कान, मग लांबच लांब पाय.
कागदांची वाट पाहता पाहता
अर्धं पिल्लूपण तिकडेच सरलं होतं,
इलिंका नावाच्या बाईच्या अंगणात.
तिला मी कधी भेटणार नाही.

बाहेर येईना.
कोस्तेल, गाडी हाकणारा, डोळे तांबारलेले,
गुडघ्यांवर बसला, पिंजऱ्यात मान घालून काही पुटपुटला.
आली.
बर्फावर एक पाय ठेवला, उचलला. दुसरा ठेवला, उचलला.
चारही एकदम उचलता येत नाहीत
हे तिला तिथेच कळलं.
"काय सांगितलंस तिला?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.
"काही नाही. म्हटलं, रस्ता संपला."
त्याला स्वतःला अजून ओउलू गाठायचं होतं.

वहीत नाव: अफीना.
मी ठरवलेलं नाव वेगळं होतं, ते आता सांगत नाही.
स्वयंपाकघरात, बूटही न काढता, अर्थ शोधला.
अफीना म्हणजे ते रानातलं काळंनिळं फळ,
आम्ही त्याला मुस्तिक्का म्हणतो.
घरामागच्या जंगलात हातभर बर्फाखाली त्याचीच झुडपं निजलेली.
ऑगस्टात मी बादल्या भरून आणते,
बोटं आठवडाभर जांभळी.
आउलिसला सांगितलं. तो म्हणाला, "हं."
त्याच्या "हं"चे अकरा प्रकार मला ठाऊक आहेत.
हा बारावा.

आज पाचवा दिवस.
तिला जिना माहीत नाही. इथली शांतता माहीत नाही.
छपरावरून बर्फ घसरला की ती टेबलाखाली,
काहीच घसरलं नाही तरी टेबलाखाली.
निजते दारापाशी, आमच्या बुटांत तोंड खुपसून,
कुणी निघालंच तर आधी तिला कळावं.
आउलिस तिला समजावत बसतो, फिन्निशमध्ये,
सबंध वाक्यांत,
चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला न आलेल्या.

खाते, पण कुणी पाहत असेल तर नाही.
म्हणून वाडगं ठेवून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते,
शाळेत शिक्षा झाल्यासारखी.
आधी काहीच नाही.
मग नखं, लाकडी जमिनीवर, एकेक.
मग बराच वेळ थांबणं.
मग वाडगं किंचित सरकतं.

शेजारी खिडकी आहे, बाहेर अंधार,
काचेत पाहिलं तर सगळं दिसेल.
मी डोळे मिटून घेते.